रिपीटचं वर्ष

परवा रात्री मामांचा फोन आला. मी नुकतीच लॅबमधून येऊन कुकर लावला होता. मामा सहसा मिस्ड कॉल देतात आणि मग मी फोन करते, त्यामुळे पूर्ण रिंग वाजली की माझ्या पोटात गोळाच येतो. म्हणाले, "अगं बाई, हिच्या मार्कावर सरकारी मेडिकलला काय लागंना म्हणत्यात. मग आता काय करावं, तूच सांग, आपल्यात तुलाच कळतंय त्यातलं." मागून मामी बोलत होती, बीएस्सीला टाकू म्हणावं, बीडला जवळ पडतंय, लई झालं आता. ज्या पोरीचं चाललं होतं तिचा, मामांच्या पोरीचा, आवाजच नव्हता. मी म्हणलं तिच्याकडं द्या जरा. बराच वेळ कुणीच बोललं नाही, नुसता टीव्हीचा आवाज येत होता, आणि मग हळूच, "ताई, मला एकच वर्ष पाहिजे. एकदाच रिपीट करते."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय म्हणून लिहायला बसले.

यंदाची, म्हणजे २०२५ ची नीट (मेडिकलच्या प्रवेशाची देशभराची परीक्षा) ४ मे ला झाली आणि १४ जूनला रिझल्ट लागला. तिला ७२० पैकी ४२१. ज्यांच्या घरात यंदा कुणी परीक्षेला बसलं होतं त्यांना फिजिक्सबद्दल वेगळं सांगायला नको, देशात पहिला आला त्यालाही ६८६ च पडले, आणि आदल्या वर्षी, म्हणजे २०२४ ला, सुधारित निकालानंतरसुद्धा ७२० पैकी ७२० वाले १७ जण होते. तर अशा पेपरला ४२१. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत, मग तालुक्याच्या हायस्कूलला मराठी मिडियममधून दहावी, आईबाप वर्षातले पाच महिने उसाच्या फडात आणि ही आजीजवळ, धुणी-भांडी-स्वयंपाक करून अभ्यास. माझ्या दृष्टीने हे ४२१ म्हणजे लई मोठी गोष्ट आहे. पण कॉलेजचं पोर्टल हे बघत नाही. तिथं ४२१ म्हणजे ४२१, आणि आमच्या कॅटेगरीत सरकारी एमबीबीएसला ते कमी पडले, संपला विषय.

आता हे "संपला विषय" कुणासाठी असतं त्यावर मला बोलायचंय.

मी २०१५ ला दहावी झाले, ८९ टक्के होते, गावात पेढे वाटले होते. सर म्हणाले लातूरला पाठवा. आमच्याकडे लातूर पॅटर्न हा शब्द लेकराला बोलता यायच्या आधी ऐकू येतो. वडलांनी त्या वर्षी मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) वाढवून घेतली आणि मला लातूरला सोडलं. पहिल्या दिवशी फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर डिस्प्लेसमेंट लिहिलं आणि म्हणाले हे तुमचं नववीत झालेलं आहे, पुढं जाऊ. माझं खरंच झालेलं होतं. विस्थापन मला येत होतं, वेग येत होता, त्वरण येत होतं, गणितं सोडवून पाठ होती. पण डिस्प्लेसमेंट म्हणजेच विस्थापन हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोनशे पोरांच्या वर्गात मागून तिसऱ्या बेंचवर बसून मी विचारू पण शकले नाही. रात्री खोलीवर येऊन मी एक दोनशे पानी वही घेतली, मधोमध घडी घातली, डावीकडं इंग्रजी शब्द आणि उजवीकडं मराठी. फोटोसिंथेसिस, प्रकाशसंश्लेषण. ॲक्सिलरेशन, त्वरण. दिवाळीपर्यंत ती वही भरली. म्हणजे माझ्या बरोबरची सीबीएसईची किंवा इंग्लिश मिडियमची पोरं ज्या चार महिन्यांत गणितं सोडवत होती त्या चार महिन्यांत मी शब्द पाठ करत होते, तेही मला आधीच माहीत असलेल्या गोष्टींचे. नीटचा पेपर मराठीतून देता येतो हे खरं आहे, पण दोन वर्षं इंग्रजीतून शिकून, इंग्रजी पुस्तकं वाचून, शेवटच्या तीन तासांत मराठीकडं वळायची हिंमत कुणाची होणार?

त्यात आमच्या बॅचचं अजून एक झालं. आम्ही अकरावीला गेलो तेव्हा मेडिकलला राज्याची एमएचटी-सीईटी होती, स्टेट बोर्डाच्या सिलॅबसवर, निगेटिव्ह मार्किंग नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाचा नीटचा आदेश आला, मे मध्ये अध्यादेश काढून राज्यांना त्या वर्षापुरती सूट मिळाली आणि पुढच्या वर्षीपासून, म्हणजे बरोबर आमच्यापासून, फक्त नीट. पुस्तकं बदलली, केंद्राची एनसीईआरटीची पुस्तकं आली, चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा. आमच्या खोलीतल्या तिघींनी मिळून एनसीईआरटी बायोलॉजीचा एक सेट घेतला आणि झेरॉक्स काढल्या, आकृत्या काळ्या ठिक्कर आलेल्या, नेफ्रॉन कुठला आणि त्याचं लेबल कुठलं कळायचं नाही. ज्यांच्याकडं पैसे होते त्यांनी त्याच आठवड्यात क्रॅश कोर्स लावले.

मला २०१७ च्या नीटला ३६२ पडले. सरकारीला पन्नासच्या आसपास कमी.

घरी कुणी रागावलं नाही. हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण लोकांना वाटतं गावाकडच्या आईबापांना शिक्षणाची किंमत नसते. वडील एवढंच म्हणाले, "तू कमी नाही पडलीस, आपला पैसा कमी पडला." धाकटा भाऊ नववीत होता, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं होतं, आणि मागच्या दोन वर्षांची उचल अजून फिटली नव्हती. मी बीडला बीएस्सीला ॲडमिशन घेतलं, सकाळी कॉलेज, दुपारी एका लॅबमध्ये सॅम्पलवर नावं घालायचं काम आणि रात्री नीटचा अभ्यास. २०१८ ला परत बसले. ३४१. एकवीस मार्क कमी झाले. साहजिक होतं, बाकीची पोरं दिवसाला बारा तास बसतात आणि मी रात्री दोन तास बसायचे, त्यातलाही एक तास पेंगण्यात.

कर्मवीर भाऊराव पाटलांचा "कमवा आणि शिका" आम्ही शाळेत शिकलो. १९१९ ला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून किती गरिबांची पोरं त्या वाटेनं शिकून साहेब झाली, आमचे हेडमास्तर स्वतः त्यातलेच, वसतिगृहाच्या शेतात काम करून बीए झालेले. पण ती वाट चालायची कारण तेव्हा कमवून झाल्यावर शिकायला दिवस शिल्लक राहायचा. या एंट्रन्सच्या पद्धतीत राहतच नाही. २०२५ ला २२ लाखांच्या वर पोरांनी फॉर्म भरले, एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी, आणि बाकीच्यांची फी आमच्यासारख्यांनी वाचायची पण नाही. एवढ्या दाटीत एकेका मार्काला हजारो पोरं मागं-पुढं होतात. जो दिवसभर रिकामा बसून अभ्यास करू शकतो तोच पुढं सरकणार. आणि दिवसभर अभ्यासाला बसणं ही गोष्ट कुणाच्या तरी पैशावरच होते.

आता माझ्या फ्लॅटमेटचं सांगते, तिला विचारूनच लिहितेय. ती शहरातली, आईबाबा दोघंही नोकरीत. तिनेही २०१७ लाच पहिल्यांदा नीट दिली, तिला ३४८ पडले होते, माझ्यापेक्षा चौदा कमी. तिने रिपीट केलं. २०१८ ला परत थोडक्यात हुकलं, परत रिपीट केलं. २०१९ ला चांगल्या सरकारी कॉलेजला लागली आणि आत्ता इंटर्नशिप करतेय. नाइट ड्यूटी करून सकाळी येते तेव्हा तिचे पाय सुजलेले असतात, पेशंटबद्दल बोलताना डोळ्यात पाणी येतं तिच्या, फार चांगली डॉक्टर होणार आहे ती. तिने खूप मेहनत केली, मी जवळून बघितलेय आणि मला तिच्याबद्दल काडीचीही असूया नाही. एकदा रात्री भाजी निवडता निवडता तीच म्हणाली, "माझ्याकडं दोनदा चुकायला पैसे होते गं, तुझ्याकडं एकदा पण नव्हते." मी भाजी बाजूला ठेवून आत गेले आणि रडले. आठ वर्षांत माझ्याशी हे असं सरळ कुणी बोललं नव्हतं.

आणि हे फक्त आम्हा दोघींपुरतं नाहीये. तमिळनाडू सरकारने नीटचा परिणाम काय झाला ते बघायला न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती, २०२१ ला तिचा अहवाल आला. त्यात आहे, की मेडिकलला लागलेल्या पोरांमध्ये रिपीटर्सचं प्रमाण २०१६-१७ ला १२ टक्क्यांच्या आसपास होतं ते २०२०-२१ ला ७१ टक्क्यांवर गेलं. एकाहत्तर! म्हणजे पहिल्या झटक्यात लागणं हाच अपवाद झाला. लातूरला जाऊन बघा, रिपीटरच्या वेगळ्या बॅचेस, वेगळे होर्डिंग, वेगळं टाइमटेबल. रिपीट हा आता कोर्सचाच भाग झालाय, अकरावी, बारावी आणि तेरावी. फक्त ही तेरावी कुठल्याच सरकारी कागदावर नाही, तिला शाळा नाही, स्कॉलरशिप नाही, एसटीचा पास नाही. ज्याच्या घरात ऐपत आहे त्याने करावी, बाकीच्यांनी बीएस्सीला जावं.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या जुलैमध्ये जीआर निघाला, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना प्रोफेशनल कोर्सला शंभर टक्के फी माफ, मेडिकल धरून. मामांना मी हे समजावून सांगितलं होतं तेव्हा त्यांनी तो कागद मोबाईलवर मागवून घेतला होता, वाचता फारसं येत नाही तरी जपून ठेवलाय. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडून ओबीसी, भटक्या विमुक्तांच्या पोरांना नीट-जेईईसाठी टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा मिळतो, आमच्या शेजारच्या पोराला मिळालाय, चांगली गोष्ट आहे. पण ती योजना दहावी होऊन अकरावी सायन्सला जाणाऱ्यांसाठी. आणि फीमाफी कॉलेजच्या दारातून आत गेल्यावर. मधलं जे वर्ष आहे, जिथं पोरगी बारावी पास आहे, थोडक्यात हुकलीये, पन्नास-साठ मार्क फक्त वर काढायचेत, त्या वर्षासाठी कुणीच उभं नाही. दारापर्यंत पोचायचं तुमचं तुम्ही बघा.

त्या वर्षाचा हिशोब मी काल रात्री कागदावर मांडला. क्लासची फी, तिच्या मार्कांवर सूट धरून, ८५ हजार. खोली महिना ३ हजार, मेस २८००, दहा महिन्यांचे ५८ हजार. टेस्ट सिरीज, पुस्तकं, येणंजाणं, आजारपण धरून दीड लाख.

मग मी दुसरा हिशोब मांडला. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला. दीड लाख भागिले ३६६ म्हणजे साधारण ४१० टन. आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात. पहाटे चारला उठून, थंडीत दव पडलेल्या पाचटात उतरून, तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टर भरेपर्यंत, एक कोयता दिवसाला दोन टन कसाबसा करतो. म्हणजे २०५ दिवस. सीझन असतो पाच महिन्यांचा, आणि गेल्या वर्षी तर कारखाने लवकरच बंद झाले. एखाद दिवस आजारी पडून गेलं नाही तर तो खाडा, त्याचे पैसे वरून कापतात. म्हणजे पूर्ण सीझन दोघांनी एकही खाडा न करता, पोटाला काही न खाता काम केलं तरी पोरीचं एक रिपीटचं वर्ष निघत नाही. माझ्या फ्लॅटमेटच्या आईबाबांसाठी तीच रक्कम म्हणजे दोघांचे मिळून दीड-दोन महिन्यांचे पगार होते. परीक्षा एकच, ओएमआर शीट एकच, पेन पण सेंटरवर सगळ्यांना सारखाच देतात.

मुलगी म्हणून अजून एक आहे. माझा धाकटा भाऊ बारावीला एका विषयात गेला तेव्हा सगळे म्हणाले बसंल की परत, पोरगं हाय. मामांच्या पोरीला आत्ता अठरावं संपलंय. घरी बसून वर्ष काढायचं म्हणलं की पाव्हणे विचारायला लागतात, काय करते, काही नाही का करत, मग बघायचं का. आईबाप सीझनला गेल्यावर वयात आलेली पोरगी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची भीती असते, म्हणून आमच्या भागात पोरींची लग्नं लवकर उरकतात, नवीन जोडपं म्हणजे नवीन कोयता आणि मुकादमाकडून नवीन उचल. माझ्या सातवीच्या वर्गात आम्ही चौदा मुली होतो. दिवाळीनंतर त्यातल्या सहा-सात जणी दिसायच्या नाहीत, कारखान्यावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, लहान भावंडं सांभाळत असायच्या. मार्चमध्ये परत यायच्या तेव्हा हात काळे पडलेले आणि गणिताचं सगळं पुस्तक पुढं गेलेलं. त्या चौदातल्या आम्ही दोघीच पदवीपर्यंत पोचलो. बाकीच्या बाराजणीत एक होती जी मला गणितं समजावून सांगायची. ती आज कोल्हापूरकडं फडात असते, तिला तीन लेकरं आहेत. तिला तर पहिलाच चान्स मिळाला नाही, दुसऱ्याचं काय बोलता.

तमिळनाडूने २०२० ला सरकारी शाळेत शिकून नीट पास झालेल्या पोरांना मेडिकलच्या साडेसात टक्के जागा वेगळ्या ठेवल्या. हे आपल्याकडं का होऊ नये? जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोराचे ४२१ आणि सहावीपासून फाउंडेशन कोर्स लावलेल्या पोराचे ४२१ हे एकाच तराजूत का तोलायचे? आणि दुसरं, मला तर हे त्याहून सोपं वाटतं, प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक वसतिगृह फक्त या तेरावीच्या पोरांसाठी असावं. राहणं, दोन वेळचं जेवण, लायब्ररी आणि आठवड्याला एक टेस्ट. जी पोरं ठरावीक मार्कांच्या आत हुकली आणि ज्यांच्या घरचं उत्पन्न कमी आहे त्यांना एक वर्ष तिथं बसू द्या. ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आहेच, त्यातच चार खोल्या याला दिल्या तरी चालतील. बारावीपर्यंत ज्या पोरीवर सरकारने, मास्तरांनी, आईबापांनी एवढा खर्च केला तिला शेवटच्या पन्नास मार्कांसाठी सोडून देणं हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

काल दुपारी मामांचा परत फोन आला. आवाजात एकदम हुशारी होती. म्हणाले, "झालं बघ काम, मुकादमाला बोललो, पन्नास हजार वाढवून देतो म्हणला." मी विचारलं मामीची कंबर? मागच्या सीझनला मणक्यात गॅप निघालाय म्हणून डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितलं होतं आणि मामी यंदा जाणार नाही असं घरात ठरलं होतं. मामा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "तीच म्हणती मी येते म्हणून. एकट्याला उचल कोण देतंय?" जी मामी परवा बीएस्सी बीएस्सी करत होती तीच.

मी त्यांना हात जोडून सांगितलंय की आठ दिवस पैसे घेऊ नका. एकदा उचल घेतली की माघारी फिरता येत नाही. माझे बँकेत ६० हजार आहेत, स्कूटीसाठी साठवत होते, ते क्लासच्या पहिल्या हप्त्याला जातील. फ्लॅटमेट म्हणाली दर महिन्याला मेसचे पैसे मी देते, आणि तिने नुसतं म्हणलं नाही, तिच्या नोट्सचा गठ्ठा पण काढून ठेवलाय, रंगीत पेनाने आकृत्या काढलेल्या. भाऊ खोलीचं अर्धं भाडं देतो म्हणतोय. तरी पंचेचाळीस-पन्नास हजार कमी पडतायत, पण त्यासाठी मामीला फडात जावं लागू नये एवढं मी बघणार आहे. क्लासवाल्यांना भेटून हप्ते पाडून मिळतात का ते विचारते.

माझी ती दोन रकान्यांची वही पोरीने दोन वर्षं वापरली, कव्हर निघालंय, तिने सुईदोऱ्याने शिवून घेतलीये. आज सकाळी तिने कोणत्या चॅप्टरला किती मार्क गेले त्याची यादी व्हॉट्सॲपवर पाठवली. रोटेशनल मोशन, करंट इलेक्ट्रिसिटी, ऑप्टिक्स. फिजिक्समध्येच जास्त गेलेत, बायो चांगलं आहे. खाली लिहिलंय, ताई हे तीन झाले तरी होतंय.

शुक्रवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मी लातूरला निघतेय. ट्यूशन एरियाजवळ मुलींची खोली बघायचीये, एका खोलीत दोघी नाहीतर तिघी, त्याहून जास्त नको, पाणी रोज येत असावं आणि रात्री नऊनंतर क्लासवरून परत येताना रस्त्यावर लाइट असावी. मालकीण सोबत राहणारी असेल तर मामांच्या जिवाला बरं वाटेल. लातूरचं कुणी हे वाचत असेल आणि अशी खोली माहीत असेल तर खाली नक्की सांगा, मी शनिवारी सकाळी सातपासून तिथंच आहे.